नवं काम मिळालंय? आधी वही आखा

वर्कऑर्डर हातात पडली की नवा कंत्राटदार आधी पेढे वाटतो, मग मिक्सरवाल्याला फोन करतो, मग मुकादमाला उचल देतो. वहीची आठवण होते ती पहिल्या बिलाच्या वेळी, नाहीतर कामगार कार्यालयातून कोणी येणार अशी कुणकुण लागली की. मग एका रात्रीत दोन महिन्यांचं रजिस्टर बसून लिहायचं. एकच पेन, एकच अक्षर, एकाच दाबाचे अंगठे. मीही एकदा हे केलंय. सुरक्षा बैठकीच्या पानावर ज्या बिगाऱ्याची सही होती, तो त्या दिवशी मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, गैरहजर होता. बहिणीच्या लग्नाला गावी गेलेला. तपासायला आलेल्या साहेबांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, माझ्याकडे पाहिलं आणि एक शब्दही बोलले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुम्ही डिप्लोमा करून नुकतीच नोंदणी घेतली असेल, मुकादमी करत वर आला असाल किंवा वडिलांचं काम हाती घेतलं असेल, तर हे तुमच्यासाठी. कामं कोणती? शाळाखोल्या, तळमजला अधिक दोन अशी इमारत, रस्त्याखालची मोरी, संरक्षक भिंत. मोठ्या कंपनीत नियोजनाला एक माणूस असतो, सुरक्षेला दुसरा, कागदांना तिसरा. इथे तिघेही तुम्हीच. त्यामुळे तीन वेगवेगळी कामं समजून बसलात तर एकही होणार नाही. एकाच वहीची तीन पानं समजा.

कामाआधीचे कागद

हे पटकन उरकू. दहा किंवा जास्त कामगार लावणार असाल तर आस्थापनेची नोंदणी लागते, काम सुरू झाल्यापासून ६० दिवसांच्या आत. आपण सगळे ज्याला बीओसीडब्ल्यू म्हणतो तो १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत सामावला आहे. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. जुने नियम संहितेच्या विरोधात जात नाहीत तिथे चालू राहतात. म्हणून कपाटातली छापील रजिस्टरं रद्दीत घालू नका. पण सध्या कोणता नमुना चालतो, हे जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. कन्सल्टंटच्या व्हॉट्सअॅपवर विसंबू नका.

बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर सरकारी कामात बिलातूनच कापला जातो. तो पैसा कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो आणि तिथून नोंदणी झालेल्या कामगाराला शिष्यवृत्ती, उपचार, मृत्यूनंतरची मदत अशा योजनांतून मिळू शकतो. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. हा दाखला देणाऱ्यांत तुम्हीही येता, आणि तो खरा आहे हे दाखवणारी वस्तू एकच, तुमचं मस्टर. पैसे कापून घेतले म्हणून कुरकुरणारे कंत्राटदार खूप भेटतात. आपल्या टोळीतल्या किती जणांची नोंदणी केली असं विचारलं की गप्प होतात.

तिसरा कागद विम्याचा. कामगाराला कामावर इजा झाली तर भरपाई देणारा. साईटवर त्याला अजून डब्ल्यूसी पॉलिसीच म्हणतात. पॉलिसीवर कामगारांची संख्या आणि कामाचं स्वरूप काय लिहिलंय ते वाचा. आठ बिगारी दाखवून पॉलिसी काढायची आणि स्लॅबच्या दिवशी तीस माणसं उभी करायची, मग दावा अडला की विमावाल्याला नावं ठेवायची, यात अर्थ नाही.

वेळापत्रक टेकूंपासून सुरू होतं

प्रकल्प व्यवस्थापनाच्या वर्गात पहिल्या दिवशी पट्ट्यांचा तक्ता शिकवतात: उभ्या बाजूला कामं, आडव्या बाजूला आठवडे. आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढला तरी चालतो, संगणकाची घाई नको. अवघड भाग पुढचा आहे. कोणतं काम एक दिवस लांबलं की सगळंच एक दिवस लांबतं, ती साखळी शोधायची. इमारतीच्या कामात ती साखळी जवळजवळ नेहमी सेंट्रिंगमधून, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा आणि त्याखालचे टेकू यांतून, जाते.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या २००० च्या भारतीय मानकातले आकडे पाठ करा. कॉलमच्या, भिंतीच्या उभ्या बाजूच्या प्लेटा १६ ते २४ तासांनी काढता येतात. स्लॅबखालचे टेकू गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस. बीमखालचे टेकू ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१. हे आकडे साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी आणि तापमान १५ अंशांच्या खाली जात नसेल तेव्हाचे. आज दुकानात बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, मिळतं, आणि निफाडकडे डिसेंबरातल्या पहाटे पारा १५ च्या बराच खाली असतो. अशा वेळी किती दिवस वाढवायचे ते स्ट्रक्चरल अभियंत्याकडून लिहून घ्या. तोंडी नको.

आता हे वेळापत्रकात घाला. बीमचा गाळा ५ मीटर, म्हणजे टेकू १४ दिवस हलणार नाहीत. तुमच्याकडे जॅक (लोखंडी टेकू) आणि प्लेटांचा एकच संच आहे. वरच्या मजल्याची सेंट्रिंग दहाव्या दिवशी सुरू करायची असं ठरवलंत, तर जॅक आणणार कुठून? खालचेच काढणार. म्हणजे अपघाताची तारीख तक्ता काढतानाच ठरली. उलट ज्याने तक्ता काढताना दुसऱ्या संचाचं भाडं धरलं, त्याने सुरक्षेसाठी वेगळं काहीच केलं नाही, फक्त हिशोब नीट केला. दुसऱ्या संचाचं भाडं निविदेच्या दरात धरा. काम मिळाल्यावर ते खिशातून जातं आणि मग कोणी आणत नाही.

स्लॅब भरायच्या दिवसाचं पान वेगळं करा. तारीख, सुरू आणि संपण्याची वेळ, किती घनमीटर, सिमेंटची गोणी कोणत्या आठवड्याची, टेकू कोणी तपासले, आणि खाली ठळक अक्षरांत ‘बीमखालचे टेकू काढायची तारीख’. तीच तारीख खडूने त्या मजल्याच्या कॉलमवर लिहा. सेंट्रिंगवाला वही उघडत नाही, कॉलम बघतो.

क्यूबही, म्हणजे काँक्रीटची ताकद तपासायचे ठोकळे, याच पानावर. ३० घनमीटरचा स्लॅब असेल तर तीन नमुने, प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब, म्हणजे नऊ. ओले असतानाच खिळ्याने तारीख कोरा. क्यूबसाठी वेगळा, सिमेंट जास्त घातलेला घमेलाभर माल कालवण्याची कला बऱ्याच साईटवर अवगत असते. अहवाल झकास येतो आणि स्लॅब तसाच राहतो.

रोजची डायरी

दोनशे पानी, पक्क्या बांधणीची वही घ्या. सुट्या पानांची फाईल नको. पहिल्या दिवशीच सगळ्या पानांना क्रमांक घाला. पान फाडायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही. रोज संध्याकाळी, माणसं हातपाय धूत असतात त्या पंधरा मिनिटांत, साईटवरच लिहायची. घरी नेलेली वही घरीच राहते.

काय लिहायचं? हवा, किती गवंडी, किती बिगारी, किती बाया, कोणती यंत्रं, कुठलं काम किती झालं, कोणतं थांबलं आणि का, कोण पाहुणा आला, काय सांगून गेला. शाखा अभियंता फिरकले आणि ‘ही भिंत सहा इंच सरकवा’ म्हणाले, तर ते त्यांच्याच समोर लिहून खाली सही मागायची. लाज वाटते, पण एक-दोनदा मागितली की त्यांनाही सवय होते. एका सरकारी कामात पावसाने काम रखडलं आणि आम्ही मुदतवाढ मागितली. अर्जाला सोबत काय जोडणार, असं विचारलं गेलं. डायरीत पावसाचे अकरा दिवस होते, प्रत्येकाला सुरू-बंदची वेळ, आणि त्यातल्या सात पानांवर खात्याच्या माणसाची सही. सातच दिवस मिळाले. बाकीच्या चारांची सही घ्यायला मी कंटाळा केला होता.

रजिस्टरं किती आणि कोणती

बाजारात बावीस-तेवीस रजिस्टरांचा गठ्ठा मिळतो. घ्या हवा तर. पण रोज जगणारी पाच असली तरी खूप झालं.

मस्टर, ज्यात जादा वेळ वेगळा दिसतो. कामगारांची यादी: नाव, गाव, वय, घरच्या माणसाचा फोन, रक्तगट, साईटवर पहिला दिवस कधी. हेल्मेट, पट्टा, बूट, हातमोजे कोणाला कधी दिले त्याची नोंद, सहीसह. हेल्मेटवर आयएस २९२५ आणि पट्ट्यावर आयएस ३५२१ चा शिक्का पाहूनच घ्या, रस्त्यावरचं शंभर रुपयांचं पिवळं टोपलं म्हणजे हेल्मेट नव्हे. परांची, खोदाई आणि विजेची तपासणी. आणि पाचवं, दुखापत व थोडक्यात टळलेल्या घटनांचं.

तपासणीच्या रजिस्टरात पावसाळ्यात खोदाईचं पान रोज भरायचं, आणि जोराचा पाऊस पडून गेला की कोणी आत उतरायच्या आधी पुन्हा. चर दीड मीटर किंवा त्याहून खोल गेला की आधार द्या नाहीतर बाजू तिरकी कापा. उपसलेली माती काठावर रचू नका. काळी माती कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते आणि दोन तासांच्या पावसात बसते. याच पानावर कामगारांच्या झोपड्या कुठे आहेत तेही लिहा. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्यात पावसात भिंत कोसळली ती शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर. १५ माणसं गेली. ती कामावर नव्हती, झोपेत होती. साईटचा नकाशा काढताना मिक्सर, स्टील आणि सिमेंटची खोली सगळे दाखवतात. माणसं कुठे झोपणार, ते क्वचितच.

विजेच्या पानावर दोनच ओळी, पण रोज: ३० मिलीअँपिअरचा गळतीरोधक स्विच बटण दाबून पडतो का, आणि वायर पाण्यातून गेलीय का.

दर शनिवारी, खर्ची वाटायच्या आधी, पाचही वह्या आणि सुरक्षा बैठकीचं पान एकमेकांशी ताडून बघा. मस्टरवर असलेला माणूस यादीत आहे का? यादीत आलेल्या नव्या माणसाला हेल्मेट दिल्याची सही आहे का? सकाळच्या बैठकीला ज्याची सही आहे तो त्या दिवशी हजर होता का? अर्धा तास लागतो. माझ्या त्या लग्नाला गेलेल्या बिगाऱ्याची चूक या अर्ध्या तासात सापडली असती. अर्थात खरं लिहिलं असतं तर ती झालीच नसती.

सकाळची दहा मिनिटं

कामाला हात लावायच्या आधीची छोटी बैठक. मोठ्या साईटवर तिला टूलबॉक्स टॉक म्हणतात, टीबीटी. तिथे जाऊन ‘सुरक्षा हीच सर्वोपरी’ वगैरे भाषण ठोकलंत तर माणसं तंबाखू मळत ऐकतील. आजच्या कामाबद्दल बोला. आज तिसऱ्या गाळ्यात प्लास्टर आहे, म्हणजे खालची वाट बंद; लिफ्टचा खड्डा उघडा आहे, फळी कोण टाकणार, नाव सांगा. एक विषय, आजचाच. शेवटी एखाद्या बिगाऱ्याला विचारा, ‘दादा, आता तुम्ही सांगा, काय करायचं?’ त्याला सांगता आलं नाही तर चूक तुमची.

टोळी बिहारची, बंगालची किंवा तेलंगणाची असेल तर ज्याला हिंदी येतं तो सगळ्यांना समजावतो, पण रजिस्टरात त्याचं नाव दुभाष्या म्हणून लिहा. सही करता येत नसेल तर अंगठा; अंगठ्याशेजारी नाव तुम्ही लिहा, त्याच्यासमोर, त्याच वेळी.

फळी पडली, कोणाला लागलं नाही

ही नोंद सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी लिहिली जाणारी. दोन नमुने देतो. पहिला:

‘दि. १४. परांचीवरून फळी पडली. कोणी जखमी नाही. कामगारांना समज दिली.’

दुसरा:

‘दि. १४, दुपारी १२.४०. पूर्वेकडची परांची, दुसरी पातळी. नऊ फुटी फळी, एक टोक बांधलेलं नव्हतं. गवंडी जेवायला उतरताना फळी उलटून खाली वाळूवर पडली. पाच मिनिटांपूर्वी तिथे दोघी जणी वाळू चाळत होत्या. कारण: सकाळी फळ्या सरकवल्या, परत बांधल्या नाहीत. बांधायचं काम कोणाचं, ते ठरलेलं नव्हतं. केलं: दीडपर्यंत सगळ्या फळ्या बांधल्या, खालची वाट दोरीने बंद. यापुढे जी टोळी फळी सरकवेल तिच्या मुकादमाने बांधून मला दाखवायची. दि. १५, सकाळी ८: तपासलं, दोन फळ्या सैल, परत बांधल्या.’

‘समज दिली’ हे दोन शब्द दिसले की समजा, काही केलेलं नाही. दुसऱ्या नोंदीतली शेवटची ओळ बघा. दुसऱ्या दिवशीही दोन फळ्या सैल निघाल्या, आणि ते लिहिलंय. ज्या रजिस्टरात सगळं लगेच सुधारतं, त्यावर माझा विश्वास बसत नाही.

लागलंच तर

आधी माणूस, मग कागद. १०८ ला फोन. उंचावरून पडलेल्या माणसाला चौघांनी हातापायांना धरून उचलायचं नाही. मानेला धक्का लागता कामा नये. जवळच्या कोणत्या दवाखान्यात हाडांचा डॉक्टर रात्री असतो, हे काम सुरू व्हायच्या आधीच शोधून भिंतीवर लिहिलेलं हवं.

माणूस गाडीत बसला की जागा तशीच ठेवा. सुटकेपुरतं हलवलं असेल तेवढंच. फोटो काढा, लांबून आणि जवळून. पाहणाऱ्यांना वेगवेगळं विचारा, त्यांच्याच शब्दांत लिहा. मृत्यू झाला किंवा ४८ तास किंवा जास्त काळ कामावर येता येणार नाही अशी दुखापत झाली, तर सरकारला कळवणं बंधनकारक आहे. १९९८ च्या केंद्रीय नियमांत मृत्यूची खबर चार तासांत, बाकीच्यांची ७२ तासांत द्यायची असं होतं. तुमच्या कामाला कोणती मुदत आणि कोणता अधिकारी लागू, ते नोंदणीच्याच दिवशी विचारून डायरीच्या पहिल्या पानावर लिहा, फोन क्रमांकासह. घटना घडल्यावर कोणाला फोन करायचा हे शोधत बसलात की चार तास कसे जातात कळत नाही.

एक मोह टाळा. अपघातानंतर मागच्या तारखेने ‘पट्टा दिला होता’ अशी नोंद करायचा. पोलिसांना ती शाई ताजी आहे हे कळतं, आणि मग जी चूक निष्काळजीपणाची होती ती खोटेपणाची होते.

शिकायचं कुठे

नियोजनासाठी पुण्यात बालेवाडीला निकमार ही १९८३ ची संस्था आहे. तिथे बांधकाम व्यवस्थापनाचं पूर्ण शिक्षण मिळतं. पीएमपी हे नाव कानावर येईल, ते प्रकल्प व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र. त्याला ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं आणि प्रकल्प चालवल्याचा अनुभव, चार वर्षांची पदवी असेल तर ३६ महिने, डिप्लोमा असेल तर ६०. परदेशात किंवा मोठ्या कंपनीत जायचं असेल तर करा. दोन कोटींच्या शाळाखोल्यांसाठी नको; आधी पट्ट्यांचा तक्ता आणि एक्सेल हाताखाली येऊ द्या.

सुरक्षेसाठी मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे. तिथला औद्योगिक सुरक्षेचा वर्षभराचा प्रगत डिप्लोमा, एडीआयएस, ज्याला सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी करायची त्याने करावा. जुन्या कायद्यात ५०० कामगारांवर सुरक्षा अधिकारी नेमावा लागे, नव्या संहितेत बांधकामासाठी तो आकडा २५० आहे. म्हणजे या लोकांना मागणी वाढणार. तुम्हाला मात्र दोन-चार दिवसांचे छोटे वर्ग पुरेत. नवी मुंबईत मुख्यालय असलेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद, जिच्या स्थापनादिनी ४ मार्चला आपण सुरक्षा दिन पाळतो, असे वर्ग घेते. प्रथमोपचारासाठी रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अॅम्ब्युलन्स. एका मुकादमाला सोबत न्या. तुम्ही नसताना साईटवर तोच असतो.

वर्गाची फी भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा. कोरं रजिस्टर हातात देऊन भरायला लावता का? एक दिवस साईटवर नेता का? मराठीत किंवा हिंदीत शिकवता का? तिन्हींची उत्तरं नाही आली आणि प्रमाणपत्राचा कागद मात्र चकचकीत दाखवला, तर ते पैसे जॅकच्या भाड्याला ठेवा.

आणि वह्या काम संपल्यावर मिक्सरबरोबर पुढच्या साईटवर पाठवू नका. पत्र्याच्या पेटीत घालून, वर कामाचं नाव आणि वर्ष रंगवून, ऑफिसात ठेवा. दोष दायित्वाचा काळ, म्हणजे काम संपल्यावरही दोष दुरुस्त करून द्यायची मुदत, संपेपर्यंत तर नक्कीच. माझ्या एका पेटीला वाळवी लागली होती. तेव्हापासून आत कडुनिंबाचा पाला असतो.